तीन नंबरचं यंत्र

जुनी यंत्रं निकाली काढायची असली की आमच्या विद्यापीठात 'नमुना सात' भरावा लागतो. दर यंत्रामागे एक अर्ज. यंत्र कधी घेतलं, किती वर्षं वापरलं, आता का नको, असे रकाने असतात. शेवटून दुसरा रकाना असतो तो असा : 'यंत्रावरील माहितीची नक्कल घेतली आहे काय?' त्या वर्षी मार्चमध्ये मी आठ अर्ज भरले आणि आठही ठिकाणी 'होय' लिहिलं. सात ठिकाणी त्यामुळे कुणाचं काही बिघडलं नाही.

मी केतकी हिवसे. वऱ्हाडातल्या एका विद्यापीठात संगणकशास्त्र विभागाची प्रमुख आहे. तेव्हा प्रमुख होऊन मला सात महिने झाले होते, आणि विभागाची खरेदी समितीही प्रमुखाच्याच हाताखाली असते.

प्रल्हाद ढोके आमच्या प्रयोगशाळेचे तंत्रज्ञ. मी एम.एस्सी.ला होते तेव्हा सोल्डरिंग मला त्यांनीच शिकवलं. माझा हात थरथरला की म्हणायचे, "श्वास सोडा, मग टेकवा, ताई." मी शिकवायला लागल्यावर ताईची मॅडम झाले, मी मात्र पहिल्यापासून त्यांना ढोकेभाऊच म्हणत आले. बोलण्याची त्यांना भारी हौस. मुलं प्रात्यक्षिकाला दहा मिनिटं उशिरा आली तर ते पाच मिनिटं रागवायचे आणि वीस मिनिटं गावाकडच्या गोष्टी सांगायचे. जिना चढतानाच त्यांचा आवाज कानावर यायचा.

पाच वर्षांपूर्वी त्यांची जीभ जड व्हायला लागली. आधी 'र' गेला, मग 'ट' आणि 'ड'. नागपूरच्या डॉक्टरांनी चेतापेशींचा आजार सांगितला. स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी एकेक करून मरत जातात. बुद्धी शाबूत राहते, ऐकू सगळं येतं. ढोकेभाऊंच्या बाबतीत आधी बोलणं जाणार होतं, मग हात, मग गिळणं, आणि शेवटी श्वास.

त्याच वर्षी विभागात आठ नवी यंत्रं आली होती. ती काय होती ते थोडं सांगायला हवं. नेहमीच्या संगणकात यंत्र वेगळं आणि त्यातली माहिती वेगळी असते. यंत्र मोडलं तरी माहिती दुसऱ्यात टाकता येते आणि ती तिथे तशीच चालते. या यंत्रांचं तसं नव्हतं. त्यांच्या चिपमध्ये स्मृतिरोधक नावाचे कोट्यवधी सूक्ष्म सांधे होते. सांध्यातून वीज गेली की त्याचा रोध किंचित बदलायचा आणि बदललेलाच राहायचा. वावरातून रोज माणसं गेली की पायवाट पडते, तसं. यंत्र शिकायचं ते स्वतःच्या अंगात. त्यामुळे त्याला वीज लागायची एका पंख्याइतकी. तेच काम करायला जुन्या सर्व्हरला अख्ख्या मजल्याची वीज लागायची. पण कारखान्यातून निघालेल्या दोन चिप कधीच हुबेहूब नसत. एकीतले आकडे काढून दुसरीत भरले तर त्यांना काही अर्थ उरत नसे. जे यंत्र शिकलं, ते त्याच्यापाशीच राहायचं. नक्कल निघत नव्हती. आम्ही त्यांना 'शिकाऊ' म्हणायचो.

नमुना सात मात्र जुन्या संगणकांच्या काळातला होता, आणि तो कुणी बदलला नव्हता.

तीन नंबरचं शिकाऊ मी ढोकेभाऊंना दिलं. उपकार म्हणून दिलं असं म्हणता येणार नाही. माणसाचं बोलणं बिघडत जातं तेव्हा यंत्र त्याच्या मागोमाग जाऊ शकतं का, या विषयावर मला प्रकल्प हवा होता, आणि माझ्या डोळ्यांसमोर बोलणं बिघडत जाणारा माणूस होता. त्यांनी आनंदाने होकार दिला. रोज सकाळी तासभर ते तीन नंबरसमोर बसायचे. ते बोलायचे, यंत्र अंदाज बांधायचं, चुकलं की ते दुरुस्त करायचे. पुढे त्यांच्या कॉलरला छोटा माइक लावला आणि खिशात स्पीकर. यंत्र प्रयोगशाळेतच राहायचं. ते घरी असोत की बाजारात, फोनच्या जोडणीवरून त्यांचं बोलणं तीन नंबरकडे जायचं आणि परत यायचं. प्रात्यक्षिकांच्या सूचना त्यांनी पूर्वी मुलांसाठी ध्वनिमुद्रित केल्या होत्या, त्यावरून त्यांचा जुना आवाज बनवून घेतला. तोंडातून ओला, घोगरा आवाज निघायचा आणि लगेच खिशातून ढोकेभाऊ बोलायचे, "कूलरमध्ये आज कोणीच पाणी टाकलं नाही का बाप्पा?"

दर महिन्याला त्यांचं एखादं अक्षर जायचं, आणि तीन नंबर त्या अक्षराविना त्यांना समजून घ्यायला शिकायचं. चार वर्षं हे चाललं. शेवटी शेवटी त्यांचं बोलणं कुणाही माणसाला कळेनासं झालं. त्यांच्या पत्नी ज्योत्स्नावहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत, दिवसभर पहिलीच्या मुलांचे बोबडे बोल ऐकतात. त्यांनाही पाणी, दुखतं, बस्स, असे पाच-सहा शब्दच उमगायचे. तीन नंबरला सगळं उमगायचं.

माझे दोन शोधनिबंध छापून आले, मी प्राध्यापक झाले. प्रकल्प संपला. रुग्णाचं रोजचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेवायचं नाही अशी नैतिकता समितीच्या परवानगीची अट होती. ती आम्ही काटेकोर पाळली. यंत्र ढोकेभाऊंकडेच चालू ठेवलं. ते तसं चालू आहे याची नोंद मी कुठेही केली नाही.

मग नवी यंत्रं घेण्याची योजना आली. जुनी आठ परत करा, दहापट क्षमतेची नवी आठ घ्या. मुदत एकतीस मार्च. जुलैत विभागाची तपासणी करायला बाहेरून समिती येणार होती आणि मला तिला नवी प्रयोगशाळा दाखवायची होती. यंत्रं बनवणाऱ्या कंपनीतर्फे भुसारी नावाचे गृहस्थ आले होते. त्यांना मी चहा घेता घेता विचारलं, "आठातलं एक थोडे दिवस ठेवलं तर?"

"काही काम चालू आहे का त्यावर?"

"एका माणसाचं बोलणं आहे."

भुसारींनी कप खाली ठेवला. "मग ते नव्याच्या शेजारी ठेवून चालवावं लागेल, मॅडम. जुनं सांगेल, नवं ऐकेल. तीन-चार महिन्यांत बऱ्यापैकी शिकतं. तुम्ही विद्यापीठाकडून एका यंत्रापुरती मुदतवाढ आणा, मी वर बोलतो. मिळेलच असं सांगत नाही. पण आजवर एक-दोन ठिकाणी दिली आहे."

म्हणजे मला माहीत होतं. एक अर्ज करायचा होता आणि मी तो केला नाही. नाही म्हणतील ही भीती नव्हती. प्रकल्प संपून वर्ष झालं तरी हे यंत्र एका कर्मचाऱ्याच्या घरगुती वापरात कसं, असं विचारतील ही भीती होती. मी नवी प्रमुख होते. तो प्रश्न माझ्या कागदपत्रांत यायला नको होता.

वीस मार्चला ढोकेभाऊ माझ्या खोलीत आले. तोवर त्यांचे हात उचलेनासे झाले होते. दार ते खांद्याने ढकलायचे.

"मॅडम, यादी लागली. तीन नंबर पण आहे त्यात," खिशातला आवाज म्हणाला.

"सगळीच जातायत, भाऊ. नवी येतायत."

"मग माझ्या बोलण्याचं?"

मी समोरच्या कागदांकडे बघत म्हणाले, "नव्यात उतरवून घेता येतं आता. कंपनीने पद्धत काढली आहे."

त्या यंत्रांची झाकणं ढोकेभाऊंनी स्वतःच्या हातांनी उघडलेली होती. "चिपमधलं निघत नाही म्हणत होते नं?"

"पूर्वी निघत नव्हतं."

"तुम्ही म्हणता म्हणजे असंल," ते म्हणाले. वळताना त्यांनी विचारलं, माझ्या मुलीचा ताप उतरला का. मी म्हटलं, उतरला.

पुढचे अकरा दिवस ते रोज आले. निवृत्त होणाऱ्या शिपायाच्या निरोप समारंभात बोलले. दोन मुलांना रागावले. एकतीस तारखेला गाडी आली, तेव्हा हमालांसमोर उभं राहून त्यांनी एकेक यंत्र बांधून घेतलं. "फोम दोन्ही बाजूंनी लावा. सावकाश, सावकाश." तीन नंबर शेवटी बंद करायचं असं आधीच ठरलं होतं. मी बटण दाबलं. ढोकेभाऊ काहीतरी बोलत होते. ते वाक्य अर्धंच राहिलं. ते हसले आणि त्यांनी खांदे उडवले. चार दिवसांनी पुढे बोलू, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

नवं यंत्र पाच एप्रिलला सुरू झालं. ढोकेभाऊ त्याच्यासमोर बसले आणि बोलले. स्पीकरमधून त्यांच्याच आवाजात आलं, "आंबा उन्हात गाव नको."

ते पुन्हा बोलले. "पाऊल फुलं," यंत्र म्हणालं.

मी म्हटलं, "वेळ लागेल थोडा. बसायला हवं सवय होईपर्यंत." हे दुसरं खोटं.

खरी अडचण मला पहिल्या दिवशीच कळली होती, आणि ती नक्कल न निघण्याहून मोठी होती. जुनं यंत्र त्यांना भेटलं तेव्हा त्यांना नीट बोलता येत होतं. तिथून ते त्यांच्याबरोबर पायरी पायरीने खाली उतरलं होतं. 'र' गेला तेव्हा बाकीची अक्षरं सांगत होती की इथे 'र' होता. नव्याला ती पायरी कधी दिसलीच नाही. त्याच्यापुढे चार-पाच तऱ्हांचे कण्हण्यासारखे आवाज होते, आणि प्रत्येकाचे शंभर अर्थ होऊ शकत होते. दुरुस्त करायला ढोकेभाऊंची बोटं चालत नव्हती. डोळ्यांच्या हालचालीवर चालणारा पडदा आणून पाहिला. पण डाव्या डोळ्याच्या बुबुळावर त्यांना लहानपणापासून पांढरं फूल होतं आणि उजव्याचा चष्मा जाड, त्यामुळे दर दोन शब्दांनी तो भरकटायचा. सोळा दिवस ते येऊन बसले. सतराव्या दिवशी आले नाहीत. वैद्यकीय रजेचा अर्ज आला, त्यावर वहिनींची सही होती.

मी रजा टाकून नागपूरबाहेरच्या गोदामात गेले. परत आलेली यंत्रं तिथे रांगेने मांडली होती. आमच्या विभागाचं स्टिकर मला लांबूनच दिसलं, त्यावर माझ्याच हातचा तीनचा आकडा. तिथल्या बाईंना मी म्हटलं, हे मला थोडे महिने परत हवं आहे, लागेल ते लिहून देते.

"घेऊन जा की," त्या म्हणाल्या. "पण कोरं आहे हं ते. आली की पहिल्यांदा भट्टीत घालतो. दोनशे अंशांवर तापवलं की सगळे सांधे पहिल्यासारखे होतात. त्याशिवाय दुसऱ्याला विकता येत नाही."

"हे कधी तापवलं?"

त्यांनी वही बघितली. "तीन एप्रिल."

तीन एप्रिलला मी विभागात नव्या टेबलांना कोणता रंग द्यायचा ते ठरवत होते.

शनिवारी सकाळी मी ढोकेभाऊंच्या घरी गेले. ते खिडकीपाशी आरामखुर्चीत होते, मानेखाली घडी केलेला टॉवेल. ज्योत्स्नावहिनी पेज भरवत होत्या. मी बसले आणि सगळं सांगितलं. भुसारी काय म्हणाले ते, अर्ज का केला नाही ते, पद्धत वगैरे काही निघालेली नाही हे, नमुना सातमध्ये काय लिहिलं ते, भट्टी. मध्येच थांबले तर पुन्हा सुरू करता येणार नाही असं वाटत होतं, म्हणून भराभर सांगितलं.

वहिनींनी चमचा वाटीत ठेवला. "काहून, मॅडम?" त्या म्हणाल्या. "काहून खोटं बोलल्या तुम्ही त्यांच्याशी? मला सांगायचं होतं एखाद वेळी."

खोटं का बोलले ते एका वाक्यात मावलं असतं, पण ते वाक्य त्यांच्या घरात माझ्या तोंडून निघालं नसतं.

ढोकेभाऊंनी घशातून आवाज काढला. वहिनींनी भिंतीजवळचा तक्ता उचलला. शाळेतला मुळाक्षरांचाच तक्ता होता. काना, मात्रा, वेलांट्या त्यांनी खाली हाताने लिहून घेतल्या होत्या. त्या एकेका ओळीवर बोट ठेवायच्या, मग एकेका अक्षरावर. पापण्या मिटल्या की हो. नजर वर गेली की नाही. मी बघत बसले. अकरा शब्दांना पाऊण तास लागला. वहिनींनी पाटीवर लिहिलेलं वाक्य माझ्याकडे फिरवलं.

'आधी सांगितलं असतं तर त्या अकरा दिवसांत मी बोलून घेतलं असतं.'

यंत्र मी नेलं, हे मला कळत होतं. हे दुसरं मला तोवर सुचलंच नव्हतं. त्या अकरा दिवसांत ते शिपायाविषयी बोलले, फोमविषयी बोलले, कारण पुढे पुष्कळ बोलता येणार आहे असं त्यांना मी सांगितलं होतं.

सोमवारी मी कुलसचिवांना लेखी कळवलं. चौकशी झाली, मला ताकीद मिळाली, माझ्या फाइलला एक कागद लागला. जुलैत समिती आली. तिने नव्या प्रयोगशाळेचं कौतुक केलं आणि अहवालात तसं लिहिलं.

त्याआधी, जूनच्या शेवटी, शाळा उघडल्यावर वहिनींचा फोन आला. आवाज कोरडा होता. "ते तुम्हाला बोलावतात. दुपारी या, मी शाळेत असते तेव्हा. मी नसतानाच या म्हणतात."

मी गेले. शेजारच्या मावशी दार उघडून आत निघून गेल्या. मी तक्ता हातात घेतला. पहिल्या दिवशी माझं सारखं चुकत होतं. ते नजर वर करायचे, मी पुन्हा पहिल्या ओळीवर यायचे. दोन तासांनी पाटीवर होतं : 'ज्योत्स्नाला सांगायचं आहे. पूर्ण झाल्यावर एकदम. तुकडे नकोत.'

मग रोज दुपारी दोन ते चार. मी वर्गांची वेळ सकाळी घेतली. एखाद दिवशी तीन ओळी व्हायच्या, एखाद दिवशी त्यांना धाप लागायची आणि एकच शब्द व्हायचा. अंदाजाने पुढचं अक्षर मी सुचवलेलं त्यांना चालायचं नाही. एकदा मी 'नोक' वरून 'नोकरी' लिहून टाकलं. शब्द तोच होता, पण त्यांनी नजर वर करून ठेवली ती मी 'री' खोडून पुन्हा तक्त्यावरून विचारेपर्यंत खाली आणली नाही.

एक गोष्ट इथे लिहायलाच हवी. 'क' वर त्यांच्या पापण्या मिटल्या आणि पुढे मात्रा आली की मी पुढचं अक्षर घाईने विचारायचे. वाटायचं, आता केतकी येईल. माझ्याविषयी काहीतरी असेल, बरं किंवा वाईट. त्याचं 'केव्हा' व्हायचं, नाहीतर 'केलंस'. दुसऱ्याच्या बायकोला सांगायच्या गोष्टींत मी माझं नाव शोधत होते, हे मला कळायचं, आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा शोधायचे.

तेविसाव्या दिवशी त्यांनी पुढच्या ओळीला नजर वर केली, त्याच्या पुढच्या ओळीलाही वर केली. संपलं होतं. दीड पान झालं होतं. मी म्हटलं, "भाऊ, हे तुमच्या आवाजात ऐकवता येईल. आवाज आहे आपल्याकडे, एवढं वाचायला कुठलंही यंत्र चालतं."

नजर वर. नाही.

"मग वहिनींना नुसता कागद देऊ?"

नाही.

"मी वाचू?"

त्यांनी पापण्या मिटल्या.

रविवारी सकाळी मी गेले. वहिनी पलंगाच्या कडेवर बसल्या, हात मांडीवर. मी कागद उघडला आणि वाचायला लागले. सुरुवात घरातल्या गोष्टींची होती. गच्चीवरच्या टाकीचा कॉक उलटा फिरतो, प्लंबरला आधी सांग. विम्याचा कागद शिवणयंत्राच्या खणात आहे. मी गेल्यावर हे घर ठेवायचं की सोडायचं ते तू ठरव, माझ्या भावाला विचारू नको. मग एक ओळ मोकळी सोडायला त्यांनी सांगितलं होतं, तिथे मी थांबले. पुढे वाचलं :

"लग्नानंतर आईनं तुझ्या नोकरीवरून वाद काढला तेव्हा तुझं बरोबर होतं. मला माहीत होतं. मी जेवत राहिलो. तेव्हा मला बोलता येत होतं."

वहिनींनी पदर तोंडाशी नेला. मी वाचत राहिले. भरवताना तू रडत नाहीस, पण वाटी घासताना नळ मोठा सोडतेस, ते ऐकू येतं. कॉलेजच्या सहलीत तुझी चप्पल मीच लपवली होती. असं शेवटपर्यंत. शेवटचं वाक्य फक्त त्यांचं दोघांचं आहे, ते मी इथे लिहीत नाही. माझं नाव दीड पानात कुठेही नव्हतं.

बाहेर भाजीवाल्याची गाडी येऊन गेली. वहिनींनी हात पुढे केला, मी कागद दिला. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी बघितला. माझंच अक्षर होतं, जागोजाग खाडाखोड होती.

"यातलं काही गाळलं तर नाही नं, मॅडम?"

"नाही, वहिनी."

त्या उठल्या. कागद घेऊन खुर्चीसमोर गेल्या, त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत वाकल्या आणि म्हणाल्या, "अहो, खरं आहे का?"

ढोकेभाऊंनी पापण्या मिटल्या. मग वहिनींनी कागदाची घडी केली.